कोरडेबाबा आणि गंजका खिळा

कारखान्याचा चारचा भोंगा झाला की एरवी माणसं फाटकातून बांध फुटल्यासारखी घराकडे सुटतात. त्या सोमवारी लोंढा फाटकातच तुंबला. दोनशे माणसं, सगळी लोखंडात हात घालणारी, टाचा उंचावून उभी. मध्ये खुर्ची, खुर्चीवर कोरडेबाबा, आणि पुढ्यात चिनी मातीचं पांढरंशुभ्र भांडं. भांड्यात कोमट पाणी. त्याला अत्तराचा असा घमघमाट की फाटकासमोरच्या माझ्या खानावळीतली फोडणीसुद्धा लाजली.

"बाळांनो," बाबा म्हणाले, "कातडी म्हणजे आत्म्याची खिडकी! खिडकीवर पाणी मारलं तर घाण कुठे जाते? आत जाते, आत! आणि साबण? साबण त्या घाणीला हात धरून आत नेतो! मी बारा वर्षं अंगाला पाणी लावलेलं नाही. बघा, हात लावून बघा!"

लोकांनी हात लावून पाहिला. कातडी लोण्यासारखी. "वा वा" झालं. खिडकीवर पाणी मारल्यावर घाण आत कशी जाते, हे दोनशे जणांतल्या एकानंही विचारलं नाही. मीही नाही. मला शाळा दोन वर्षांची, पण घरात पावसाचं पाणी शिरतं का बाहेर राहतं एवढं कळायला दोन वर्षंही लागत नाहीत.

"हे शोधजल. अंगातलं विष हे ओढून दाखवतं. या कोणीतरी."

ग्राइंडरवर काम करणारा पैलवान पुढे झाला. त्याला पैलवान म्हणतात ते त्याच्या जेवणावरून, कुस्तीवरून नव्हे. त्यानं दोन्ही पंजे पाण्यात घातले. पाणी आधी करडं झालं, मग जांभळट, मग शाईसारखं काळंकुट्ट. पैलवानाच्या तोंडचं पाणी पळालं.

"विष!" बाबा हळूच म्हणाले. ओरडले असते तर एवढी भीती वाटली नसती.

पाणी बदललं. लेथवाला गेला, काळं. वेल्डर गेला, काळं. ज्याचं त्याचं काळं. मग बाबांची नजर माझ्यावर आली.

"माऊली, तुम्ही या."

मी पदर खोचला आणि हात घातला. पाणी जसंच्या तसं. तळाशी भांड्यावरचं फूलसुद्धा दिसत होतं.

"बघा!" बाबा उभे राहिले. "बघून घ्या! या माऊलीच्या देहात विषाचा कण नाही. तीस माणसांच्या पोटाला घालणारे हे हात!"

खोटं कशाला बोलू, माझी मान एक वीत उंच झाली. विधवा झाल्यापासून वीस वर्षं चुलीपुढे काढली, पण चारचौघांत कुणी असं म्हटलं नव्हतं. मी पदराला हात पुसले ते सगळ्यांना दिसतील असे पुसले.

आणि मग माझा धाकटा पुढे आला. बत्तीस वर्षांचा, लेथवरचा कारागीर, अंगानं काटक. त्याचं पाणी सगळ्यांत काळं निघालं.

बाबांनी जीभ चुकचुकवली. "आईच्या ठायी एवढं पुण्य, आणि पोटी एवढं विष? चाळीस दिवस पाणी नाही, साबण नाही. फक्त माझा शीतललेप. आणि ज्यानं मध्येच अंगाला पाणी लावलं, त्याचं विष त्याच्या घरातल्यांत उतरेल."

धाकट्यानं माझ्याकडे पाहिलं. लहानपणी गोळी घ्यायच्या आधी पाहायचा, तसं. "घे," मी म्हटलं. "मी सांगते म्हणून घे."

हे वाक्य मला मरेपर्यंत पुरणार आहे.

आता खाजेचं सांगते, कारण खाज नसती तर बाबाही नसता.

या कारखान्यातल्या बाप्यांची अंग धुवायची एक रीत आहे. आमचे हे होते तेव्हापासूनची. सुटी झाली की न्हाणीघरात जायचं, रॉकेलमध्ये भुसा कालवायचा आणि त्यानं कोपरापर्यंत हात खरवडायचे. "रॉकेलशिवाय निघतच नाही," असं मिशीला पीळ देऊन सांगायचं. मग कपडे धुवायच्या पावडरीनं अंग चोळायचं. एकाच फडक्याला पंधरा जणांनी पुसायचं. पुसायचं म्हणजे छाती आणि पाठ. जांघा ओल्याच ठेवून घट्ट चड्डी चढवायची, दिवसभर मशीनचं पांढरं तेलपाणी उडून ओली झालेलीच. आणि खाज सुटली की त्या जागी कढत पाणी ओतायचं. कढत पाण्यानं घटकाभर फार बरं वाटतं म्हणे. घटका संपली की दुप्पट खाज.

सुनेनं मला दोन महिने आधीच सांगितलं होतं. "अहो आई, यांच्या जांघेत चट्टे आलेत. गोल गोल, पसरत चाललेत. दवाखान्यात पाठवा ना. तुमचं ऐकतील."

कारखान्याच्या दवाखान्यात डॉक्टरीण बसते. चष्मेवाली, कमी बोलणारी. मी धाकट्याला म्हटलं तर तो कानापर्यंत लाल झाला. "बाईमाणसाला काय दाखवू, आई? काहीतरीच बोलतेस!"

बाबा मात्र पायजमा सोडायला सांगत नव्हता. निम्मा चमत्कार तिथेच होता.

लेप लावला आणि दोन दिवसांत खाज थांबली. मी खानावळीत वाढताना प्रत्येक पानापाशी थांबून सांगत होते, "बघितलंत? दोन दिवसांत!" सून पाणी वाढत होती. तिची न बोलण्याची एक पद्धत आहे, ताटावर ताट आदळण्यापेक्षा जास्त ऐकू येते.

दहाव्या दिवशी चट्टे पोटावर आले. बाबा म्हणाले, "विष वर येतंय, शुभ लक्षण." पंधराव्या दिवशी पाठीवर आले. "विष मागल्या दाराने पळतंय." विसाव्या दिवशी धाकटा जेवायला बसला की शेजारचे दोघं सरकून बसायला लागले. वासानं. माझ्या खानावळीत, माझ्या मुलापासून! मी दोघांनाही दुसऱ्यांदा भात वाढला नाही. पण वास होताच. मलाही येत होता.

त्यातच लेथवरून उडालेला लोखंडाचा तापलेला कीस त्याच्या नडगीत घुसला. एवढीशी जखम. एरवी नळाखाली धरली असती, साबण लावला असता, संपलं असतं. पण पाणी लावायचं नव्हतं. त्यानं वर लेप थापला आणि फडकं बांधलं.

तेविसाव्या दिवशी तो कामावर गेला नाही. अंगात ताप, आणि पाय टेकवेना.

"अहो आई, एकदा फडकं सोडून बघा तरी," सून म्हणाली.

"सतराच दिवस राहिलेत. व्रत मोडलं तर तुझ्याच अंगात उतरेल, कळतंय का?"

"उतरू दे माझ्या अंगात." मग तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं. लग्न होऊन आठ वर्षं झाली, इतकं सरळ कधी पाहिलं नव्हतं. "तुमचं पाणी स्वच्छ निघालं म्हणून यांचा पाय सडू द्यायचा का?"

माझ्या घरात मला असं कुणी बोलत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिच्याशी बोललेच नाही, आणि भांडी घासत बसले. मोठी लोखंडी कढई दोन दिवस ओली राहून गंजली होती, ती विटेच्या भुकटीनं खसाखसा घासली. राग कढईवर काढला. आणि घासता घासता ठरवलं, हिला दाखवतेच.

बाबांनी घरी तपासायला शोधजलाची बाटली दिली होती. मी पांढरा वाडगा घेतला, बाटली उपडी केली, आणि सुनेला हाक मारली. "ये इकडे. बघ स्वतःच्या डोळ्यांनी, कुणाचं पाणी कसं आहे ते."

ती दारात उभी राहिली. मी हात घातला.

पाणी करडं झालं. मग जांभळट. मग काळं.

मी पाहिलं. सुनेनं पाहिलं.

मी हात बाहेर काढला. पहिलं मनात आलं ते पाप. वीस वर्षांत काय काय केलं ते आठवू लागले. भात करपला की खापर तांदूळवाल्यावर फोडते, ते? शेजारणीच्या मुलीचं लग्न मोडलं तेव्हा मनात बरं वाटलं होतं, ते? यादी लांबत चालली. माणसाला घाबरवलं की आपल्या पापांची यादी तो स्वतःच काढतो. बाबाला कष्ट पडत नाहीत.

तेवढ्यात हाताचा वास आला. अत्तर उडून गेलं होतं आणि खाली दुसराच वास होता. ओळखीचा. मी बाटलीतला थेंब जिभेवर ठेवला. तोंड आवळून आलं, टाळूला जीभ चिकटली.

डाळिंबाची साल!

माझी आई लोकर रंगवायची. साली उकळून पिवळट पाणी करायची. आणि काळा रंग हवा असला की त्यात गंजके खिळे टाकायची. मी लहान असताना एकदा विळा घासून तसाच हात तिच्या हंड्यात घातला होता, तर पाठीत धपाटा बसला होता. "लोखंडाचा हात सालीच्या पाण्यात घालू नकोस कार्टे, सगळा रंग काळा करशील!"

पन्नास वर्षांपूर्वीचा धपाटा त्या दिवशी लागला.

मी उठले. साबणानं हात धुतले, नखांत काडी घालून धुतले, पुन्हा धुतले. वाडगा विसळून नवं पाणी ओतलं. हात घातला. स्वच्छ. मग दाराच्या चौकटीतला गंजका खिळा उपटून पाण्यात टाकला. बघता बघता काळी शाई.

"आता सांगा," सून हळूच म्हणाली, "या खिळ्यानं काय पाप केलंय?"

मी आत गेले आणि धाकट्याच्या पायाचं फडकं सोडलं. नडगी गुडघ्यापर्यंत लालभडक, तुकतुकीत, हात लावला तर चुलीच्या दगडासारखी गरम. एक लाल रेघ मांडीकडे निघाली होती.

"आई, नको," तो तापातच म्हणाला. "सोळाच दिवस राहिलेत."

"सोळा दिवस गेले खड्ड्यात. ऊठ."

खानावळीत जेवायला आलेल्या पैलवानानं त्याला पाठुंगळीस घेतलं. त्या दिवशी त्याच्या जेवणाचं चीज झालं.

डॉक्टरणीनं पाय पाहिला, पोट पाहिलं, लेपाची डबी हुंगून बाजूला ठेवली. "किती दिवस पाणी लागलं नाही?"

"चोवीस," मी म्हटलं.

"अंगावर आहे ती बुरशी. नायटा. ओल, घाम, घट्ट कपडे, एकमेकांचं फडकं, यानं पसरतो. आणि या लेपात खाज दाबायचं जहाल औषध असणार. दोन दिवसांत आराम आणि मग असं पसरणं, दुसरं काय? तपासायला पाठवते. ते खाज मारतं आणि बुरशीला खतपाणी घालतं. कातडी कागदासारखी पातळ होते ती वेगळीच. पण आत्ता मला काळजी पायाची आहे. जखमेतला जंतू वर चढलाय."

"पाय वाचेल ना?" सुनेनं विचारलं.

"मोठ्या रुग्णालयात आत्ताच्या आत्ता न्या. वाचेल असं मी आज म्हणत नाही."

लाज वाटते म्हणून तो ज्या बाईकडे गेला नव्हता, तिनंच त्याच्या शेजारी बसून त्याला रुग्णालयात नेलं.

दुसऱ्या दिवशी चारच्या भोंग्याला मी फाटकाशी होते. धाकटा तिकडे बेशुद्ध, सून त्याच्या उशाशी. पायाचं काय होणार कुणी सांगत नव्हतं. मी काही भाषण करायला गेले नव्हते. मला कुणाचा तरी गळा धरायचा होता, आणि माझा स्वतःचा धरता येत नव्हता.

"या माऊली, या!" बाबा म्हणाले. "बघा, ज्यांच्या देहात विषाचा..."

"बाबा, माझा हात राहू द्या. याचं विष काढा." मी खिळा टाकला.

पाणी काळं झालं. गर्दीत कुजबुज.

बाबा हसले. "लोखंडात तामसी तत्त्व असतं, माऊली."

"असेल. मग या सगळ्यांच्या हातावर दिवसभर काय उडतं? अत्तर?"

कुणीतरी फिसकन हसलं. पैलवानानं बाह्या वर केल्या. माझ्याकडून खिळ्याचं ऐकून डॉक्टरीण बादली आणि साबण घेऊन आली होती. कोमट पाणी, साधा साबण, नखांना मऊ ब्रश. रॉकेल नाही, भुसा नाही. त्याचे हात तिनं दोनदा धुवायला लावले. मग ताज्या शोधजलात पंजे बुडवले. भांड्याच्या तळाचं फूल दिसलं.

"माझं विष गेलं कुठे हो, बाबा?" पैलवान म्हणाला. "साबणानं तर आत जायला हवं होतं!"

"तुमच्या अविश्वासानं जल भ्रष्ट झालंय!"

"भ्रष्ट झालंय का ते बघू," मी म्हटलं, आणि ओला खिळा बाबाच्या तळहातावर ठेवून त्याची मूठ माझ्या दोन्ही हातांनी दाबली. चुलीवरची पातेली उचललेले हात आहेत, सुटत नाहीत. "चोळा जरा. आता घाला तुमचाच हात."

बाबा घालेना. पैलवानानं त्याचं मनगट दोन बोटांत धरलं, अगदी अलगद, आणि बुडवलं. बारा वर्षांच्या पुण्याची शाई झाली.

बाबा ज्याच्याकडे उतरला होता तो लॉजवाला मागून ओरडला, "बारा वर्षं आंघोळ नाही म्हणता, मग रोज सकाळी माझ्याकडून दोन बादल्या गरम पाणी कशाला मागवता?"

"पाय धुवायला!"

"दोन बादल्या? हत्तीचे पाय आहेत का?"

दोनशे माणसं हसली. मी हसले नाही. मग मी त्यांना डाळिंबाच्या सालीचं सांगितलं, आईच्या हंड्याचं सांगितलं. हसू ओसरलं. तेव्हा डॉक्टरीण म्हणाली, "खाज कुणाकुणाला आहे?"

एकही हात वर झाला नाही. दोनशे बापे जमिनीकडे पाहत उभे. बाबाच्या पाण्यात हात घालायला रांग लावणारे हेच.

"अरे मेल्यांनो," मी म्हटलं. "माझं पोर आत्ता पाय राहतो का जातो अशा हालतीत पडलंय. कशानं? जांघेतला चट्टा दाखवायची लाज वाटली म्हणून. आणि आईनं घे म्हटलं म्हणून. तुमच्या आयांना माझ्यासारखं व्हायला लावू नका रे."

पैलवानाचा हात वर गेला. मग वेल्डरचा. मग कुणाकुणाचे, हळूहळू, खांद्याच्या वर न जाणारे. बऱ्याच वेळानं खाली आले, तोवर निम्म्या गर्दीचे हात वर झाले होते.

त्या गडबडीत बाबा पसार झाला. भांडं मात्र राहिलं.

लेपाच्या तपासणीचं पुढे आलं: दुकानातलंच जहाल मलम, डबीत भरून अत्तर शिंपडलेलं. न्हाणीघरातलं सामायिक फडकं डॉक्टरणीनं स्वतः जाळलं. आता प्रत्येकाचा टॉवेल वेगळ्या खुंटीला. ती दर आठवड्याला न्हाणीघराच्या दाराबाहेर उभी राहून आतल्यांना ओरडून सांगते, "पाणी कोमट! पाच मिनिटं पुरे! घासायचं नाही, खरवडायचं नाही! जांघा, काखा, बोटांच्या बेचक्या टिपून कोरड्या करा, मग सुती, सैल, धुतलेले कपडे! हातांना साधं मलम! चट्टा दिसला तर मला दाखवा, बाबाला नको!" आतून "हो बाई" असं शाळेतल्यासारखं येतं.

धाकटा दीड महिन्यानं घरी आला. पाय राहिला. पोटरीचा मूठभर भाग कापून काढावा लागला. लेथपाशी आठ तास उभं राहता येत नाही, म्हणून त्याला आता स्टुलावर बसून मापं तपासायचं काम दिलंय. लंगडतो. आणखी दोन दिवस गेले असते तर पाय गेला असता, असं मोठे डॉक्टर म्हणाले. दोन दिवस आधी आणलं असतं तर काय झालं असतं, ते मी विचारलं नाही.

एकदा न्हाणीतून बाहेर येऊन टॉवेलनं बोटांच्या बेचक्या टिपताना तो म्हणाला, "आई, मला बाबाचं खरं वाटत नव्हतं गं. तू घे म्हणालीस म्हणून घेतलं."

सुनेनंच विषय बदलला. ही माझ्यापेक्षा मोठ्या मनाची निघाली.

परवा एक ड्रायव्हर जेवता जेवता सांगत होता, दुसऱ्या गावात, दुसऱ्या कारखान्याच्या फाटकाशी असाच एक बाबा बसतो. नाव वेगळं, भांडं पांढरंच. म्हणून हे सुनेकडून लिहून घेतलंय; सांगितलं मी, अक्षर तिचं.

तिथल्या आयाबायांनो, तुम्ही माझ्याहून शिकलेल्या असाल. मी बाबाला फसले ते अडाणी म्हणून नव्हे. त्यानं चारचौघांत माझी स्तुती केली म्हणून. तेव्हा ज्या चमत्कारात तुमची स्तुती आहे, त्याला दोनदा तपासा. आपल्या पोरांना आणि नवऱ्यांना सांगा की खाज हे पाप नाही, आणि डॉक्टरला डोळे असतात ते बघायलाच. आणि फाटकाशी जाल तेव्हा हात धुऊन जा. पदरात एक गंजका खिळा ठेवा. आधी त्याचं पाणी बघा, मग पोराला पुढे करा.